खाटेशी काढलेला एक्स-रे आणि न लावलेली ग्रिड

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला एक्स-रेच्या खोलीत नेणे धोक्याचे असते, म्हणून यंत्रच त्याच्या खाटेशी आणले जाते. चाकांवरचा गाडा, त्याच्या लांब हाताच्या टोकाला एक्स-रे नळी आणि रुग्णाच्या पाठीखाली सरकवलेली ३५ बाय ४३ सेंटीमीटरची सपाट प्लेट, एवढाच हा सरंजाम. असा ‘पोर्टेबल’ एक्स-रे बऱ्याचदा नवा आजार शोधण्यासाठी नसतो. रुग्णाच्या अंगात घातलेल्या नळ्या योग्य जागी आहेत का, हे पाहण्यासाठी असतो. व्हेंटिलेटरची नळी श्वासनलिका दुभागते त्या जागेच्या काही सेंटीमीटर वर थांबायला हवी. ती खाली उतरली तर बहुधा उजव्या फुफ्फुसाच्या वाटेला लागते आणि डावे फुफ्फुस हवेवाचून मिटत जाते. रायल्स ट्यूब जठरात पोचली की चुकून फुफ्फुसात गेली, सेंट्रल लाइनचे टोक हृदयाजवळच्या महाशिरेत आहे की भलतीकडे वळले, लाइन घालताना फुफ्फुसाला इजा होऊन छातीच्या पोकळीत हवा तर साठली नाही ना, या प्रश्नांची उत्तरे त्या एका फोटोवर अवलंबून असतात.

या एक्स-रेतून मिळणारा डोस लहान आहे, हे आधी स्पष्ट केलेले बरे. छातीच्या एका एक्स-रेचा प्रभावी डोस प्रौढ माणसासाठी सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट धरतात. जमीन, हवेतला रेडॉन वायू, अन्न आणि अवकाशातून येणारे किरण यांमुळे जगातल्या माणसाला सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे एक एक्स-रे हा सुमारे तीन दिवसांच्या नैसर्गिक किरणांइतका झाला. महिनाभर रोज एक काढला तरी बेरीज ०.६ मिलिसिव्हर्टवर थांबते आणि छातीचा एकच सीटी स्कॅन साधारण त्याच्या दसपट डोस देतो. कर्करोगाच्या भीतीने गरजेचा पोर्टेबल एक्स-रे नाकारणाऱ्या नातेवाइकांना डॉक्टर हेच गणित सांगतात आणि ते बरोबरच आहे.

तरीही हा डोस कमी करण्याची धडपड चालते, ती दोन कारणांनी. किरणांचा धोका अमुक एका डोसच्या खाली शून्य होतो असे किरण-सुरक्षेचे शास्त्र गृहीत धरत नाही. डोस निम्मा झाला तर धोकाही निम्मा, असे ते मानते. दुसरे कारण कायद्यातले आहे. भारतात किरण-सुरक्षेचे नियम करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तिनगरला आहे. एक्स-रे टेक्निशियनसारख्या कर्मचाऱ्यांसाठी मंडळाने पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे, सर्वसामान्य नागरिकांसाठी १ मिलिसिव्हर्टची. रुग्णाला मात्र कोणतीच मर्यादा नाही आणि ते जाणूनबुजून तसे ठेवले आहे, कारण मर्यादा गाठली म्हणून जीव वाचवणारी तपासणी अडता कामा नये. आकड्याचे कुंपण नसल्यामुळे रुग्णाच्या बाबतीत सगळी भिस्त तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरवर आणि बटण दाबणाऱ्या टेक्निशियनवर येते.

खाटेशी काढलेला फोटो एक्स-रे खोलीतल्या फोटोपेक्षा धूसर असतो. याचे मुख्य कारण विखुरलेले किरण. छातीत शिरलेल्या एक्स-रे फोटॉनांपैकी काही सरळ पार होऊन प्लेटवर पोचतात, काही हाडांत आणि मांसात शोषले जातात. फोटो तयार होतो तो या दोहोंतल्या फरकातून. उरलेले फोटॉन वाटेत इलेक्ट्रॉनांवर आदळून दिशा बदलतात आणि प्लेटवर कुठेही जाऊन पडतात. ते कुठून आले याची काहीच खूण त्यांच्यात उरत नाही, त्यामुळे ते चित्रात माहिती न घालता सगळीकडे एक राखाडी थर चढवतात. छातीच्या एक्स-रेसाठी वापरतात त्या ऊर्जेला मऊ ऊतींमध्ये ही दिशा बदलण्याची क्रियाच वरचढ असते. विखुरलेले किरण अडवणारी जाळी, म्हणजे ग्रिड, न लावता काढलेल्या फोटोत हवेने भरलेल्या फुफ्फुसांमागे पोचणाऱ्या किरणांपैकी निम्मे किंवा त्याहून अधिक विखुरलेले असतात. हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या आणि पाठीचा कणा यांच्या मधल्या पट्ट्यात हे प्रमाण ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते. नेमक्या याच पट्ट्यात नळ्यांची टोके शोधायची असतात.

यावरचा पहिला यशस्वी उपाय १९१३ साली बर्लिनमध्ये गुस्टाव्ह बकी या डॉक्टरने काढला. रुग्ण आणि फिल्म यांच्यामध्ये त्याने शिशाच्या उभ्या पट्ट्यांची जाळी ठेवली. सरळ येणारे किरण पट्ट्यांच्या फटींतून निघून जातात, तिरके येणारे शिशात अडकतात. किरण विखुरतात कसे याचे समाधानकारक स्पष्टीकरण अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांनी १९२३ साली दिले आणि १९२७ साली त्यासाठी त्यांना नोबेल मिळाले. म्हणजे दुखण्याचे मूळ कळण्याच्या दहा वर्षे आधी औषध हाती आले होते. बकीच्या जाळीची सावली फोटोवर रेघांच्या रूपाने उमटायची. शिकागोच्या हॉलिस पॉटर यांनी एक्स-रे चालू असताना जाळी सरकती ठेवून त्या रेघा पुसून टाकल्या. पुढे अमेरिकेत गेलेल्या बकीची अल्बर्ट आइन्स्टाइनशी मैत्री होती आणि प्रकाशाच्या तीव्रतेनुसार आपोआप जुळवून घेणाऱ्या कॅमेऱ्याचे अमेरिकी पेटंट १९३६ साली दोघांच्या नावे मिळाले. एक्स-रे विभागात आजही ‘बकी’ हे नाव रोज उच्चारले जाते. आइन्स्टाइनचा कॅमेरा फारसा कुणाला ठाऊक नाही.

ग्रिडची ताकद पट्टीची उंची आणि दोन पट्ट्यांमधली फट यांच्या गुणोत्तरात सांगतात. खाटेशी ६:१ किंवा ८:१ ची हलकी ग्रिड वापरतात, एक्स-रे खोलीत १०:१ किंवा १२:१ ची. पण ग्रिड फुकट काम करत नाही. शिशाच्या पट्ट्यांच्या कडांवर सरळ किरणांचाही काही भाग अडतो, शिवाय विखुरलेले किरण गेल्यामुळे प्लेटवर पोचणारे एकूण किरण बरेच घटतात. ही तूट भरून काढायला टेक्निशियन नळीतून सोडायचे किरण वाढवतो, साधारणपणे दुप्पट ते चौपट. फिल्मच्या काळात याला पर्याय नव्हता, कारण फिल्म पुरेशी काळी झाल्याशिवाय वाचताच येत नसे. ग्रिड लावली की डोस वाढतो, हे समीकरण तेव्हापासून पक्के बसले.

खाटेशी ग्रिडची दुसरीच पंचाईत होते. तिच्या पट्ट्या एकमेकींना अगदी समांतर नसून नळीतल्या ज्या बिंदूतून किरण निघतात त्या बिंदूकडे किंचित कललेल्या असतात. म्हणून नळी ठरलेल्या अंतरावर, बरोबर मधोमध आणि प्लेटला काटकोनात असावी लागते. एक्स-रे खोलीत हे सगळे लोखंडी चौकटीने पक्के केलेले असते. अतिदक्षता विभागात गादी मऊ असते, रुग्ण एका अंगावर घसरलेला असतो, डोक्याशी व्हेंटिलेटर आणि दोन्ही बाजूंना सलाइनचे पंप असतात, पाठीखालची प्लेट कोणत्या कोनात तिरकी झाली हे कुणालाच दिसत नाही. उभ्या पट्ट्यांचा पडदा समोरून पाहिला तर पलीकडचे दिसते, जरा बाजूला सरकून पाहिला तर निम्मे झाकले जाते. तिरक्या ग्रिडचे तसेच होते. थोड्याच अंशांच्या कलाने सरळ किरणही पट्ट्यांत अडकू लागतात. फोटोत एका बाजूचे फुफ्फुस दुसऱ्यापेक्षा पांढरट दिसते आणि तिथे पाणी साठले आहे किंवा न्यूमोनिया झाला आहे, असा भास होऊ शकतो. मग फोटो पुन्हा काढावा लागतो आणि डोस एकदम दुप्पट होतो. शिवाय ग्रिडमुळे प्लेट जड होते, रुग्णाला उचलायला आणखी एक माणूस लागतो. यामुळे अनेक रुग्णालयांत खाटेशी ग्रिड लावतच नाहीत आणि धूसर फोटोवर भागवतात.

इथे सॉफ्टवेअर कामी येते. २०१० नंतरच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी एकापाठोपाठ एक अशी सॉफ्टवेअर बाजारात आणली: फिलिप्सचे स्कायफ्लो, फुजीफिल्मचे व्हर्च्युअल ग्रिड, सॅमसंगचे सिमग्रिड, कोनिका मिनोल्टाचे इंटेलिजंट ग्रिड. नावे वेगळी असली तरी मुळातली कल्पना एकच आहे. ग्रिड न लावता फोटो काढायचा, त्यात विखुरलेल्या किरणांचा वाटा किती असेल याचा हिशेब करायचा आणि तो वजा करायचा.

हा हिशेब अंदाजपंचे नसतो. डिजिटल प्लेटच्या प्रत्येक बिंदूवर किती किरण पडले याचा आकडा संगणकाकडे असतो. त्यावरून त्या जागी रुग्णाचे शरीर किती जाड असावे याचा अंदाज बांधता येतो: कमी किरण म्हणजे जास्त जाडी. अमुक जाडीच्या पाण्यासारख्या वस्तूतून किरणांची एक बारीक शलाका गेली तर तिच्याभोवती विखुरलेल्या किरणांचा पसरट डाग केवढा पडतो, याची कोष्टके आधीच तयार केलेली असतात. ती माँटे कार्लो पद्धतीने काढतात. या पद्धतीत संगणक अब्जावधी काल्पनिक फोटॉन एकेक करून सोडतो आणि प्रत्येकाची वाट यदृच्छेने ठरवत जातो. अणुबाँबवर काम झालेल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात उलाम आणि फॉन नॉयमन यांनी तिची पायाभरणी केली. रुग्णाच्या फोटोतल्या प्रत्येक बिंदूसाठी जाडीप्रमाणे योग्य डाग निवडायचा आणि सगळ्या डागांची बेरीज केली की विखुरलेल्या किरणांचा अख्खा थर हाती लागतो. तो थर मूळ फोटोतून वजा होतो. किती वजा करायचा हे टेक्निशियन ठरवू शकतो. समजा त्याने ८:१ ची ग्रिड निवडली, तर खरी ग्रिड जेवढा भाग अडवील तेवढाच वजा होतो आणि फोटो ग्रिड लावून काढल्यासारखा दिसतो. आपल्या डोळ्यांना सवय झालेले रूप मिळाले की रेडिओलॉजिस्टची तक्रारही राहत नाही.

वजाबाकीला मात्र एक मर्यादा आहे आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ती ठळक टायपात छापलेली क्वचितच सापडेल. राखाडी थर सगळीकडे सारखा पसरलेला असतो, त्यामुळे तो वजा करता येतो. पण फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे यदृच्छेने पडतात. एखाद्या बिंदूवर सरासरी १०,००० फोटॉन पडायचे असतील तर प्रत्यक्षात त्यांत वर्गमुळाइतका, म्हणजे १०० चा चढउतार असतो. फोटोत दिसणारा दाणेदारपणा तो हाच. सरासरी वजा करता येते, चढउतार मागेच राहतो.

मधल्या पट्ट्यातल्या एका बिंदूचा हिशेब करून पाहू. समजा ग्रिडशिवाय तिथे १,००० सरळ आणि ४,००० विखुरलेले फोटॉन पोचले. एकूण ५,०००, चढउतार सुमारे ७१. सॉफ्टवेअरने ४,००० वजा केले तर १,००० ची खरी माहिती उरते, पण तिच्याबरोबर ७१ चा दाणेदारपणा तसाच राहतो. माहिती दाणेदारपणाच्या चौदापट. आता तेवढेच किरण सोडून खरी ग्रिड लावली आणि तिने सरळ किरणांपैकी ७०० व विखुरलेल्यांपैकी ५०० पुढे जाऊ दिले असे धरू. एकूण १,२००, चढउतार सुमारे ३५. माहिती दाणेदारपणाच्या वीसपट. इथे शिशाची ग्रिड सरळ सरळ जिंकते आणि सॉफ्टवेअरला तिची बरोबरी करायची असेल तर किरण जवळपास दुप्पट सोडावे लागतील.

फुफ्फुसामागच्या बिंदूवर चित्र बदलते. तिथे १,००० सरळ आणि १,००० विखुरलेले धरले तर ग्रिडशिवाय गुणोत्तर बावीस येते, ग्रिड लावून चोवीस. फरक नगण्य. म्हणजे ज्या ठिकाणी विखुरलेले किरण कमी तिथे शिशाची ग्रिड नाव घेण्यासारखे काही देत नाही, उलट फोटो बिघडवण्याची शक्यता सोबत आणते. सडपातळ रुग्णाच्या छातीचा बराचसा भाग याच प्रकारात मोडतो. जाड छातीच्या रुग्णात मात्र सारी छातीच मधल्या पट्ट्यासारखी वागू लागते आणि तिथे सॉफ्टवेअरच्या भरवशावर खरी ग्रिड सोडून देणे शहाणपणाचे नाही. दाणे बुजवणारी आणखी एक पायरी ही सॉफ्टवेअर जोडतात खरी, पण दाणे बुजवताना बारीक रेषाही थोड्या बुजतात. छातीत साठलेल्या हवेची कड अशाच एखाद्या केसासारख्या रेषेने ओळखावी लागते.

मग डोस कमी होतो तो कुठे? सॉफ्टवेअर फोटो काढून झाल्यावर काम करते. रुग्णाच्या अंगातून किरण आधीच गेलेले असतात, त्यांतला एकही ते परत आणू शकत नाही. बचत होते ती आधीच्या क्षणाला, टेक्निशियनने ग्रिड काढून तिच्यासाठी वाढवलेले किरणही खाली आणले तर. यंत्रावरची सेटिंग्ज ग्रिडच्या काळातलीच राहिली तर फोटो सुंदर येतो, सॉफ्टवेअरची किंमत वसूल झाल्यासारखी वाटते आणि रुग्णाला डोस पूर्वीइतकाच मिळत राहतो. नळ्यांची जागा पाहायला थोडा दाणेदार फोटोही पुरतो. म्हणून ग्रिड लावून घेत होतो त्याच्या निम्म्या किंवा त्याहून कमी किरणांत काम भागवणे पुष्कळ रुग्णांत शक्य असते. ते प्रत्यक्षात येते की नाही हे विभागातला भिंतीवरचा एक्स्पोजर तक्ता बदलला का, यावर ठरते.

डिजिटल एक्स-रेच्या इतिहासाने हा धडा एकदा दिलेला आहे. फिल्मवर किरण जास्त झाले की फोटो काळाठिक्कर पडायचा, चूक लगेच उघडी व्हायची. फुजीने १९८३ साली संगणकीय रेडिओग्राफी बाजारात आणली आणि पुढे डिजिटल प्लेटा आल्या तेव्हा ही शिक्षा नाहीशी झाली. जास्त किरण सोडले तर संगणक उजेड-काळोख जुळवून घेतो आणि फोटो उलट अधिक नितळ दिसतो. कमी किरण सोडले तर तो दाणेदार होतो आणि डॉक्टर तक्रार करतात. साहजिकच तक्रार टाळण्याकडे हात वळला आणि कुणीही न ठरवता डोस वर्षागणिक वर सरकत गेला.

याला आवर घालण्यासाठी २००८ साली एक आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यानुसार प्रत्येक डिजिटल यंत्र फोटोबरोबर दोन आकडे दाखवते. एक्स्पोजर इंडेक्स प्लेटवर पोचलेल्या किरणांचे प्रमाण सांगतो; तो २५० असेल तर सुमारे २.५ मायक्रोग्रे. दुसरा आकडा, डेव्हिएशन इंडेक्स, ठरवलेल्या लक्ष्यापासून किती ढळलो ते सांगतो. शून्य म्हणजे बरोबर, अधिक तीन म्हणजे दुप्पट किरण, उणे तीन म्हणजे निम्मे. सॉफ्टवेअर वापरताना इथे एक खाचखळगा आहे. ग्रिडशिवाय प्लेटवर पोचणाऱ्या किरणांत विखुरलेल्यांची भरती असते, त्यामुळे आकडा चांगला भरला तरी त्यातला उपयोगी वाटा थोडा असू शकतो. ग्रिडसह आणि ग्रिडविना काढायच्या फोटोंसाठी लक्ष्ये वेगळी ठेवावी लागतात. एकच लक्ष्य दोहोंना लावणारा विभाग आपली फसवणूक नेमक्या आकड्यांत करून घेतो.

सॉफ्टवेअरच्याही काही ठरलेल्या चुका आहेत. त्याच्या कोष्टकांतले शरीर पाण्याचे असते. छातीवर पडलेला मॉनिटरच्या वायरींचा गुंता, पेसमेकर, प्लेटच्या चौकटीत आलेला हात किंवा किरणांची चौकट नीट न आवळल्याने बाजूला उरलेला मोकळा भाग, यांपैकी काहीही जाडीचा अंदाज बिघडवू शकते. अंदाज जास्त निघाला तर जास्त वजा होते आणि एखादा भाग खोटाच पांढरट दिसतो. म्हणून शंका आल्यास रेडिओलॉजिस्टला वजाबाकीआधीचा मूळ फोटोही उघडून पाहता यायला हवा.

नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात हा सगळा प्रश्न वेगळ्या आकाराचा असतो. किलो-दीड किलोच्या बाळाची छाती इतकी पातळ की किरण विखुरतात थोडेच, त्यामुळे तिथे ग्रिड लावण्याची पद्धतच नाही. सॉफ्टवेअरने वाचवण्यासारखे काही फारसे उरत नाही. तिथे बचत होते किरणांची चौकट छातीपुरती आवळल्याने, बाळाचे पोट आणि हात बाहेर ठेवल्याने. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची आणि सिस्टरची काळजीही अशीच साध्या उपायांनी मिटते. रुग्णापासून एक मीटरवर पोचणारे विखुरलेले किरण मूळ किरणांच्या हजाराव्या भागाइतके असतात आणि अंतर दुप्पट केले की त्यांच्याही चौथाई. दोन मीटर मागे सरकून लेड ॲप्रन घातलेल्या टेक्निशियनपर्यंत नगण्यच काही पोचते.

सर्वांत मोठी कपात मात्र न काढलेल्या एक्स-रेतून मिळते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा रोज सकाळी छातीचा एक्स-रे काढण्याची प्रथा जगभर होती, अनेक ठिकाणी अजून आहे. फ्रान्समधल्या २१ अतिदक्षता विभागांत ८४९ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोजच्या प्रथेची तुलना गरज पडली तरच काढण्याशी केली गेली. गरजेपुरते काढल्याने एक्स-रेंची संख्या ३२ टक्क्यांनी घटली. व्हेंटिलेटरवरचे दिवस, विभागातला मुक्काम किंवा मृत्यूचे प्रमाण यांत काहीही बिघडले नाही. अशा विभागात एक्स-रे लिहून देण्याची कारणे ठरलेली असतात: नवी नळी किंवा लाइन घातली, ऑक्सिजन अचानक घसरला, ताप आला, छातीचा आवाज बदलला. त्या वेळी काढलेला फोटो ग्रिडने नीटस करायचा की सॉफ्टवेअरने, हा प्रश्न त्यानंतर येतो आणि त्याचे उत्तर रुग्णाच्या छातीच्या जाडीप्रमाणे बदलते.